आगपूर

अठरा हजार चारशे.
त्यातले सहा आईच्या बचत गटाचे,
महिन्याला पाचशे करून परत जायचे,
म्हणून वहीत ते लाल शाईनं.

सीताबर्डीत, जिन्यावर मिक्सरची भांडी टांगलेल्या दुकानात
लांजेवारकाकांनी तीन लॅपटॉप पसरले,
साडीवाला पसरतो तसे.
"चमकते त्याच्यावर जाऊ नको पोरी.
पातळ आहे, पण रॅम चिकटवून टाकली कंपनीनं,
वाढवता येत नाही.
हा जाड पाय. चार स्क्रू काढले का आपला."

मी जाड घेतला.
पोटावर पुण्याच्या कुठल्याशा कंपनीची पट्टी,
मालमत्ता क्रमांक दोन हजार एकशे सात.
नोकरी सुटताना कुणीतरी तो टेबलावर ठेवून गेलं असेल.
जुनी डिस्क काढून एसएसडी टाकली,
चारची रॅम आठ केली.
बॅटरी चाळीस मिनिटं.
आणि एनची कळ नाही, तिथे नुसता खड्डा.
"तिचे तीनशे पडतील."
राहू द्या, म्हटलं.

नंदनवनात दातांच्या दवाखान्याचं काम निघालं होतं,
त्यांचा जुना दरवाजा शंभरात मिळाला.
सिमेंटच्या ठोकळ्यांवर आडवा टाकला, झालं टेबल.
"चपला बाहेर काढाव्या" अजून वाचता येतं, माझ्या कोपराशी.
कुलपाच्या भोकातून चार्जरची वायर खाली जाते.
खुर्चीत मात्र मी पैसे वाचवले.
ते पाठीला एप्रिलात कळलं.

नेट वरच्या खोलीतल्या सुकेशनी नंदेश्वरसोबत, निम्मं निम्मं.
ती नर्सिंगची, रात्रपाळीला जाते,
तेव्हा सगळा वेग माझा.
राउटर जिन्याच्या कोनाड्यात,
पासवर्ड तिच्या गावच्या तलावाचं नाव,
तलाव आता अर्धा बुजलाय म्हणते.

मग मे आला.
दुपारी दोनला मशीन स्वतःच बंद पडायचं,
काही न बोलता, रुसल्यासारखं.
इतवारीतून लोखंडी कूलर आणला, गंजका, बाराशेचा.
गवताच्या ताट्या नव्या, पंप जुना.
पण कूलरचं वारं ओलं,
ते मशीनला सोसत नाही,
आणि कोरडं वारं मला.
शेवटी तोंड माझ्याकडे, मशीन भिंतीआड,
त्याच्याखाली इडलीचं भांडं उपडं.
भोकांतून हवा खेळते.
इडल्या तेव्हापासून नाहीत.

घरमालक कोहळेंचा सबमीटर, युनिट बारा रुपये.
ते रोज संध्याकाळी वाकून आकडा बघतात
आणि माझ्याकडे बघून हसतात.

एनशिवायही भागतं.
कुठूनतरी एक एन उचलायचा,
लागेल तिथे डकवत जायचा.
त्या दिवशी सेहेचाळीस होतं,
इंटर्नशिपच्या अर्जाची शेवटची तारीख,
बॅटरी नऊ टक्के आणि लाइन गेलेली.
मोबाइलच्या नेटवर पत्ता भरत होते.
एकट्या नंदनवनाला चार एन लागतात.
एक, दोन, तीन, चार डकवले,
घामानं बोट घसरलं,
आणि गावाच्या नावाचा राहूनच गेला.
पाठवल्यावर दिसलं: आगपूर.

महिन्याच्या शेवटी वहीत तीनशे दहा उरले.
कळ की कूलरचा पंप?
पंप एव्हाना नुसता गुरगुरत होता,
पाणी चढतच नव्हतं.
आईनं फोनवर विचारलं, "थंड वाटते ना तिथं?"
"हो," म्हटलं,
आणि उठून पंप आणायला गेले.

तीन आठवड्यांनी जाड लिफाफा आला.
त्यांनी पत्ता जसाच्या तसा छापला होता,
मोठ्या अक्षरांत, आगपूर.
पोस्टमन कपाळाचा दुपट्टा पिळत दारात उभा.
त्यानं सही घेतली, पाणी मागितलं,
दोन गिलास प्याला.
पत्त्यात काही चुकलंय
असं त्याला अजिबात वाटलेलं दिसलं नाही.